दोन खाटांमधलं अंतर

शेजारच्या खाटेवर नऊ आठवडे झोपूनही बाइंडरकाकांना त्या शिंप्याबद्दल फारसं काही ठाऊक नव्हतं. परक्या देशात राहायची मुदत संपलेली, विमानं बंद, म्हणून दोघंही या कोठडीत अडकलेले. शिंप्याला दमा होता आणि बाहेर एक बहीण होती. बाकी त्याने सांगितलं नाही, काकांनी भिडेपोटी विचारलं नाही.

साथ आत शिरली तेव्हा त्या हॉलमध्ये चाळीस खाटा होत्या. समोरच्या रांगेतल्या खोकणाऱ्या स्वयंपाक्याला एका दुपारी उचलून नेलं. गादी तशीच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर नवा माणूस आणून झोपवला. तेव्हापासून शिंपी नाकातोंडावर बनियनची पट्टी बांधून भिंतीकडे वळून पडायचा. त्याच्या श्वासात शिट्टी वाजली की काका उठून बसायचे.

कोठडीतल्यांची बाजू मांडणाऱ्या वकीलबाई फोनवर म्हणाल्या, "दम्याच्या माणसांना सोडा, असा अर्ज करतेय. दोन खाटांमधलं अंतर लिहून पाठवा. शपथेवर हवं."

आत टेप कुठली मिळायला! शिंप्याने वितीने मोजलं. "माझी वीत नऊ इंच. तीस वर्षांत केसभर फरक नाही. लिहा काका, बावीस इंच."

अक्षर काकांचं चांगलं, म्हणून कागद त्यांनी लिहिला आणि साक्षीदाराची सहीही त्यांच्याच गळ्यात पडली. सहीचं एकेक अक्षर ते कोरत बसले.

"काका, सही करताय की भरतकाम?"

"गप रे. नाव माझं लागतंय खाली."

आठवड्याने कोठडीच्या साहेबांनी येऊन पोलादी टेप लावली. वीस इंच भरले. अर्जाची सुनावणी कोपऱ्यातल्या पडद्यावर चालली होती. सरकारी वकील कडाडले, "शपथेवर धडधडीत खोटं! अर्ज फेटाळावा."

काका शिंप्याकडे वळले. "अरे, ते दोन इंच आणलेस कुठून?"

शिंप्याने जीभ चावली. "शिवणीची माया धरली हो. कापड मोजताना दोन इंच जादा धरायचेच. हाताला सवय, मला कळलंच नाही."

पडद्यावरच्या न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे अर्जदार सांगतात त्याहूनही खाटा जवळ आहेत?"

सरकारी वकील कागद चाळत राहिले.

दुसऱ्या दिवशी सुटणाऱ्यांची यादी आली. दम्याचे अकरा जण. पुढच्या तारखेपर्यंत नातेवाइकांकडे राहायचं. शिंप्याचं नाव होतं. काकांचं नव्हतं, कागदोपत्री त्यांना कसलाच आजार नव्हता. समोरच्या गादीवरचा नवा माणूस सकाळपासून खोकत होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

शिंपी पिशवी घेऊन उभा राहिला. काकांना म्हणायचं होतं, बाबा, आता मी एकटा काय करू? त्याऐवजी त्यांनी त्याच्या पिशवीची गाठ आवळून दिली.

"काका, वरचं बटण लोंबतंय तुमचं."

"असू दे."

"असू दे काय? पडेल कुठेतरी, इथे सुईही नाही. आत्ताच काढून खिशात ठेवा."

"ठेवतो. तू नीघ, शिपाई खोळंबलाय."