बा बाजारात गेला

स्वतःचं नाव नीट सांगता येण्याआधी मला एक वाक्य पाठ होतं: "बा बाजारात गेला." जळगाव जामोदजवळच्या आमच्या पारधी बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, पोलिसांची जीप आली की पुरुष तुरीच्या शेतात पळायचे आणि बायका-पोरी दारात उभ्या राहून हेच सांगायच्या. इंग्रजांनी आमची अख्खी जमात जन्मतःच चोर ठरवली होती. त्या कायद्यामुळे आजोबांना रोज पाटलाकडे हजेरी द्यावी लागे. तो कायदा कधीच रद्द झाला, पण आमचं पळणं काही थांबलं नाही.

गेल्या वर्षी बेड्यातली म्हातारी माणसं दर रविवारी लिंबाखाली बसू लागली. कोण कधी पळालं, कुठे लपलं, कुणाला किती मार पडला, सगळं मोकळेपणाने बोलायचं. ऐकताना माझं डोकं फिरायचं, पण बा त्यानंतर शांत झोपायला लागला. एका रविवारी तोच म्हणाला, "आता मी नाई पळत. पळालो का चोरच ठरतो." सगळ्यांनी मान डोलावली.

मग शेजारच्या गावात विहिरीवरची मोटार चोरीला गेली. दोन दिवस जीप लांबवर, रस्त्यावर नुसती उभी असायची. बा आत खाटेची दोरी वळत बसायचा. पळाला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी जीप थेट दारात आली.

"तुहा बाप कुठी हाये?" शिपायाने विचारलं.

मी अंगणवाडीत शिकवते. लहान पोरांना खरं बोला म्हणून सांगते. आणि मी म्हणाले, "बा बाजारात गेला."

तेवढ्यात बा मागून बाहेर आला. "घरीच हावो मी, साहेब."

शिपायाने माझ्याकडे पाहिलं. "मंग ही खोटं काऊन बोलून राह्यली?" आणि बाला जीपमध्ये बसवलं.

दुसऱ्या दिवशी तो चालत परतला, डावा हात छातीशी धरून.   मी शरमेने अर्धी झाले होते.

आज सकाळी रस्त्यावरून खाकी कपड्यातल्या पोस्टमनने मला हाक मारली. मी चुलीपाशी होते. माझी चार वर्षांची पोरगी दारात जाऊन म्हणाली, "आई बाजारात गेली." हे मी तिला कधीच शिकवलं नव्हतं.

बाने ऐकलं. तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, "जाय माय, त्याले सांग, आई घरीच हाये."

तिने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि जागची हलली नाही.