देवमनबाबूंच्या घरचा अर्ज

किन्हीराजात कुणाचा अर्ज अडला की माणूस सरळ देवमनबाबूंच्या ओट्यावर येतो. बाबू तहसीलमधून कारकून म्हणून निवृत्त झालेले. उत्पन्नाचा दाखला असो की निराधार योजना, लिहिता न येणाऱ्याला ते लिहून देतात, कागद विसरून आलेल्यावर चिडत नाहीत. म्हाताऱ्या हिरीबाईचा अंगठा नीट उमटेना तर त्यांनी तो तीनदा घेतला, तोही हसत. गावात त्यांच्या शांतपणाचं फार कौतुक. हल्ली ते कौतुक कानावर पडलं की बाबू खाली बघतात.

कारण तो शांतपणा ओट्यापुरताच होता. घरात त्यांची लेक होती, धम्मदीपा. डोक्याने तल्लख, पण हातातलं काम तिच्याकडून सुरूच व्हायचं नाही. वही उघडी, चहा गार, दळण गिरणीतच राहिलेलं. बाबूंच्या मते हा निव्वळ आळस. ते तिला भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं करायचे आणि विचारायचे, हे कोणासाठी एवढे झिजले, तुझ्यासारखीसाठी? पोरगी मान वर करायची नाही. ज्यांनी शिकायची वाट दाखवली, त्यांचाच फोटो बाबूंनी लेकीला लाजवायला वापरला. आज त्यांना सगळ्यात जास्त लाज याचीच वाटते, आणि वाटायलाच हवी.

एकोणिसाव्या वर्षी तिला वाशीमला नर्सिंगची जागा मिळाली. जात पडताळणीचा अर्ज तेवढा मुदतीत द्यायचा होता. कागदांची पिशवी वीस दिवस पलंगावर पडून राहिली. धम्मदीपा ती उघडायची, रडायची, परत बंद करायची. तिच्या आईने, लिलाबाईने, नवऱ्याला सांगून पाहिलं, "गावाचे अर्ज भरता, तसे तिच्यापाशीबी बसा नं."

"एक डाव फजिती होऊ दे," बाबू म्हणाले, "मंग येईल तिले अक्कल."

शेवटची तारीख त्यांना पाठ होती. त्या दिवशी त्यांनी ओट्यावर दुसऱ्यांचे चार अर्ज भरले.

जागा गेली. अक्कल वगैरे काही आली नाही, पोरीचं बोलणं तेवढं बंद झालं. पुढची आठ वर्षं ती वाशीमला एका औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिली.

गेल्या वर्षी अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, याला एडीएचडी म्हणतात. काय करायचं ते तिला कळतं, करायची इच्छाही असते, पण सुरुवातीलाच मेंदू अडतो, आणि रागावलं की आणखीच अडतो. औषध आहेच, पण घरच्या कुणी शेजारी गुमान बसावं, एका वेळी एकच कागद समोर ठेवावा. बाबूंनी विचारलं, एवढंच? हो, एवढंच, बाई म्हणाल्या. बाबूंना ते 'एवढंच' फार लागलं.

या रविवारी धम्मदीपा घरी आली. नर्सिंगचं तिने पुन्हा मनावर घेतलंय, वय अजून हातात आहे. जात पडताळणीचा तोच अर्ज भरायला बाबू तिच्याशेजारी बसले. आधी आजोबांचा शाळेचा दाखला पुढे केला, तो झाल्यावर शपथपत्र. मध्येच ती उठून अंगणात चक्कर मारून आली. बाबूंनी काही विचारलं नाही. चाळीस मिनिटांत अर्ज पुरा झाला.

बाबूंना माफी मागायची होती. ते शब्द जुळवत होते, तेवढ्यात कागद पिशवीत घालता घालता धम्मदीपाने अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाबा, तवाबी तुमी घरीच होते नं?"

"होतो," बाबू म्हणाले.