दोंडाईचाला ठेवलेला फोटो

बाबा दिवाळीच्या तोंडावर गेले. भिंतीवर लावायला फोटो शोधला तर आधार कार्डावरचा एक मिळाला आणि बाकीचे लग्नकार्यांतले, गर्दीत मान वळवलेले. मला हवा होता तो फोटो आमच्या घरात कधी नव्हताच.

बाबा सांगायचे, आईच्या मांडीवर मी बसलोय असा एक फोटो आहे. आजी गेली तेव्हा ते इतके लहान होते की तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. फोटो त्यांनी लहानपणी एकदा पाहिला होता. पुढे जन्मभर तो मागत राहिले. दोंडाईचाची अक्का, म्हणजे बाबांची चुलत बहीण, सांगायची की फोटो धुळ्याला आहे. धुळ्याचे नातलग सांगायचे, अक्काकडे आहे. बाबा नात्यात ताणून धरणारे नव्हते. राहून गेलं.

जानेवारीत मी रजा टाकली आणि निघाले. हा भाग कोणी सहलीसाठी निवडत नाही, पण कुणाला जायचं असेल तर सांगते: जाताना एसटीने जा, येताना रेल्वेने. रस्ता आणि तापीकाठ दोन्ही बघून होतात.

आमच्या जळगावहून धुळ्याच्या गाड्या सकाळपासून असतात. बायकांना अर्धं तिकीट. कंडक्टर शेजारच्या जाड बाईंना म्हणाला, "मावशी, तिकीट अर्धं आन सीट दीड?" त्या म्हणाल्या, तुझ्या बापाची गाडी आहे का, आणि पिशवी आणखी माझ्याकडे सरकवली. एरंडोल, मग पारोळा. पारोळ्याला किल्ल्याची भिंत अगदी बाजाराला लागून आहे. तिथे चहा घेतला. दोन-अडीच तासांत धुळं आलं.

बाबांचं नाव भिका. खानदेशात या नावाची माणसं जागोजागी भेटतील. आधीची मुलं दगावली की पुढच्याला असं नाव ठेवायचे आणि नवं कापड अंगाला लावायचे नाहीत. पाच घरांतून जुने कपडे मागून आणायचे आणि तेच घालायचे. हे मूल कुणाच्या डोळ्यात भरण्यासारखं नाही, भीक मागून जगवलेलं आहे, असं दिसायला हवं. बाबा असे वाढले. मोठेपणी नोकरी लागली, पगार आला, पण कोरा कपडा त्यांनी घातला नाही. नवा शर्ट आणला की शेजारच्या नानांकडे द्यायचे. नाना तो दिवसभर घालायचे, धुऊन परत करायचे, मग बाबा घालायचे. नाना सगळ्यांना सांगायचे, "याच्या लग्नाचा कोटसुद्धा आधी मी घातला. वरात तेवढी याची निघाली."

बाबा गेले त्या दिवशी दिवाळीसाठी आणलेला शर्ट कपाटात सापडला नाही. नाना मुलीकडे सुरतेला होते. कुणीतरी बाजारातून कोरं धोतर आणलं. बाबांच्या अंगावर कोरं कापड पहिल्यांदा आलं ते तेव्हा.

धुळ्यात देवपूरला बाबांच्या चुलतभावाचा मुलगा राहतो. त्याने शेवभाजी मागवली होती. इतकी तिखट की डोळे पुसायला निमित्त झालं. फोटोचं विचारल्यावर तो म्हणाला, आमच्याकडे कधीच नव्हता, अक्का कुणाच्या हाती लागू देत नाही. मी म्हटलं, मग बाबांना इकडे का पाठवायची? ते तिलाच विचार, म्हणाला.

दुपारच्या गाडीने सोनगीरमार्गे दोंडाईचाला गेले. सोनगीरला गाडी थांबली तर उतरून बघा, किल्ल्याच्या पायथ्याशी गावात तांब्यापितळेच्या भांड्यांची दुकानं आहेत. पुढे रस्ता अरुंद होतो. दोंडाईचा जवळ आल्याचं नाकाला कळतं. मोकळ्या जागांवर लाल मिरची वाळत पडलेली असते. अख्खी गाडी शिंकत गावात शिरली.

अक्का आता नव्वदीकडे आली आहे. नात्याने माझी आत्या, पण तिला सगळे अक्काच म्हणतात. तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि बराच वेळ रडली. सुनेने ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. फोटोचा विषय मी रात्री काढला नाही. सकाळी अंगणात उन्हाला बसलो तेव्हा काढला. अक्का म्हणाली, आता लपवून काय करू. सुनेकडून पेटीतून काढवला.

साडीच्या फडक्यात गुंडाळलेला होता. कडा किडीने खाल्लेल्या, पण मधला भाग स्वच्छ. आजी खुर्चीवर ताठ बसलेली. कपाळ रुंद, ओठ बाबांचेच. मी तिला पहिल्यांदा बघत होते. मांडीवर वर्षा-सव्वा वर्षाचं मूल. कानापर्यंत आलेली मखमली कुंची, तिला जरीची किनार. चुण्यांचं झबलं. पायांत वाळे, गालावर तीट.

मी म्हटलं, किती सजवलंय बाबांना.

अक्का म्हणाली, "भिका नही शे हाऊ. त्याना मोठा भाऊ शे. देख ना, आंगवर बठ्ठं नवं शे. भिकाले कोनी नवं घालेच नही."

खरंच, अंगावर सगळं नवंकोरं होतं. मग तिने सगळं सांगितलं. पहिला मुलगा, म्हणून जावळाला धुळ्याहून कापड आणलं, फोटोवाल्याला बोलावलं. त्याच साली मूल गेलं. नंतरचंही गेलं. मग भिका झाला. आजीने त्याला फोटोवाल्यासमोर कधी उभं केलं नाही. त्याचं पहिलं झबलं अक्काच्याच जुन्या परकराचं होतं. आजी गेल्यावर एकदा त्याने हा फोटो पाहिला.

"त्याले माय याद नव्हती. माले इचारे, अक्का, हाऊ मीच ना? मी हां म्हनं."

मोठेपणी तो मागायला लागला तेव्हा तिची हिंमत झाली नाही. लहानपणी फसला, आता कपडे बघून लगेच ओळखेल. म्हणून धुळ्याला आहे असं सांगत राहिली. त्याला फोटो दिला नाही, पण आईची मांडी राहू दिली, असं काहीतरी ती म्हणाली. मला तिच्यावर रागवता आलं नाही, आणि बरं केलंस असंही म्हणता आलं नाही. निघताना तिने फोटो स्वतःहून माझ्या पिशवीत घातला.

परतीला दोंडाईचाहून दुपारची पॅसेंजर मिळाली. शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर. तिकीट एसटीपेक्षा स्वस्त आणि खिडकीची जागा सहज मिळते. हरभऱ्याची शेतं होती. मी फारसं पाहिलं नाही. पिशवी मांडीवर घेऊन बसले.

दिवाळीआधी मुलीकडे गेलेल्या नानांचा मुक्काम लांबला होता. चार दिवसांनी ते सुरतेहून परतले आणि भेटायला आले. फोटो टेबलावर होता. मी काही सांगायच्या आत त्यांनी तो हातात घेतला, चष्मा वर करून पाहिला.

"हा भिका नाही," म्हणाले.

मी मान हलवली. त्यांनी फोटो परत टेबलावर ठेवला आणि बगलेतली पिशवी माझ्यापुढे ठेवली. दिवाळीचा शर्ट होता. बाबांनी तो त्यांच्याकडे दिला होता आणि नाना तो घालूनच सुरतेच्या गाडीत बसले होते.

"दिवसभर घातला, धुतला, इस्त्री केली," ते म्हणाले. "आता त्याला घालायला हरकत नव्हती."

फोटो मी फ्रेम करून भिंतीवर लावला. आजी आणि तिचा पहिला मुलगा. कुणी विचारलं तर तसंच सांगते. शेजारच्या खुंटीवर शर्ट आहे. त्याला नानांच्या घरच्या साबणाचा वास येतो. बाबांच्या प्रत्येक नव्या शर्टाला सुरुवातीला तोच यायचा.