गिरवलेली सही

आमच्या बँकेत तोफगोळ्यांना तोफगोळे म्हणायची पद्धत नव्हती. कागदोपत्री ते 'अवजड अभियांत्रिकी सामान'. बँक सरकारची, कारखाने सरकारचे, परदेशातलं गिऱ्हाईक तेही सरकारच. मग लाजायचं कुणाला, हे मला कधी कळलं नाही. त्या व्यवहारांना पैसा आम्ही पुरवायचो आणि घरी विचारलं तर सांगायचो, निर्यातीचं काम असतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर भिंगबाई बसायच्या. माल घेणाऱ्या देशाकडून हमीपत्र यायचं, की हा माल आम्हीच वापरू, दुसऱ्या कुणाला देणार नाही. त्यावरची सही नमुन्याच्या कार्डाशी भिंगातून ताडून पाहायची, एवढंच बाईंचं काम. त्यांनी 'जुळते' लिहिल्याशिवाय माल बंदरातून हलायचा नाही. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा सैन्यात. त्याचं पत्र आलं की तेही त्या आधी भिंगाखाली धरायच्या. "अक्षरावरून कळतं, पोरगा नीट जेवतोय की नाही," म्हणायच्या. आम्ही हसायचो.

एकदा एका हमीपत्रावर बाई अडल्या. साहेब स्वतः खाली आले.

"बाई, आपण माल बघत नाही, फक्त कागद बघतो."

"कागदच बघतेय, साहेब. ही सही गिरवलेली आहे. वळणावळणावर शाई साचलीय. स्वतःची सही कुणी इतकी घाबरत करतं का?"

साहेबांनी भिंग हातातही घेतलं नाही. "तुमचे डोळे थकलेत. तळघरातलं रेकॉर्ड सांभाळता का?"

बाईंना दमा होता आणि तळघराच्या भिंतींना बारा महिने ओल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भिंगातून मीही पाहिलं होतं, साचलेली शाई मलाही दिसली होती. मी मूग गिळून बसलो. बाईंनी 'जुळते' लिहिलं. फाईल वर पोचवायला मीच धावलो, साहेबांच्या नजरेत भरावं म्हणून.

वर्षभरात त्या हमीपत्रातल्या देशाच्या शेजारी युद्ध पेटलं. शांतता राखायला आपल्या सैन्याची तुकडी गेली, तिच्यात बाईंचा मुलगा. परत आला तो उजवा हात कोपरापासून घालवून. दवाखान्यात त्याने आईला सांगितलं, "बंडखोरांचं ठाणं घेतलं ना आम्ही, तिथल्या तोफगोळ्यांच्या पेट्यांवर आपल्याच कारखान्याचा शिक्का होता गं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी हे मला जसंच्या तसं सांगितलं. मग विचारलं, "तेव्हा तुम्हालाही दिसलं होतं ना?"

"आता नीट आठवत नाही," मी म्हणालो. माझ्या तोंडात त्या दिवशी किडे कसे पडले नाहीत, देव जाणे.

मुलाच्या मदतनिधीचा अर्ज आमच्याच बँकेत आला, कारण त्याचं खातं इथेच होतं. कार्डावर उजव्या हाताची ऐटबाज सही, अर्जावर डाव्या हाताची वेडीवाकडी. बाईंनी भिंग लावून दोन्ही पाहिल्या. कितीतरी वेळ पाहिल्या. मग लाल शाईने लिहिलं, 'जुळत नाही'.

साहेबांना पाझर फुटला. "अहो, स्वतःच्या मुलाचा अर्ज! टाका 'जुळते' म्हणून. कोण विचारतंय?"

"न जुळणारी एकदा जुळवली, साहेब," बाई म्हणाल्या. "म्हणून तर ही जुळत नाही."

साहेब जिना चढून वर गेले.

नवीन नमुना घ्यायला मुलाला बोलावलं. तो मान वाकडी करून डाव्या हाताने एकेक अक्षर काढत होता आणि कार्ड सारखं सरकत होतं. धरायला मी उठलो.

"तुम्ही नको," बाई म्हणाल्या आणि दाराशी बसलेल्या शिपायाला हाक मारली.