जागेच्या मालकाला विचारणारी

हेंकचा फोन आला तेव्हा मी सुपरमार्केटच्या दाराशी मुलीला सायकलच्या सीटवरून उतरवत होते. एप्रिलचा पहिला आठवडा. ऊन पडलेलं, पण वारा अजून बोचरा. "ती गेली," तो म्हणाला. "आत्ता, अकराच्या सुमाराला. मी बोलत होतो तेव्हा." मी मुलीला परत सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि सामान न घेताच त्यांच्या घराकडे सायकल वळवली. आदल्या दुपारी मी तिथेच होते आणि डॉक्टरांनी आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे धक्का असा बसला नाही. पण दाराशी तिच्या चपला नेहमीसारख्या जोडीने लावलेल्या दिसल्या, तेव्हा मला सायकलला कुलूप लावता येईना. किल्ली हातात घेऊन तशीच उभी राहिले…

तिचं कागदोपत्री नाव सोमश्री. लिहिताना पुरतं संस्कृत, उच्चारताना मात्र 'सोम्सी'. पण थाई माणसं एकमेकांना टोपणनावानेच हाक मारतात आणि तिचं टोपणनाव होतं नोई, म्हणजे लहान. ती माझ्यापेक्षा बावीस वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला 'पी नोई' म्हणायचं, असं तिनेच पहिल्या आठवड्यात ठरवून टाकलं. पी म्हणजे ताई. मी अनघा, तिची 'नोंग अना'. नोंग म्हणजे धाकटी. थायलंडच्या ईशान्येला भाताच्या शेतांमधल्या एका खेड्यात ती वाढली. तिशीच्या पुढे एका नातलगाच्या हॉटेलात स्वयंपाकाला म्हणून हॉलंडला आली आणि त्या हॉटेलात फुलं पोचवणाऱ्या हेंकशी तिचं लग्न झालं. मी २००३ साली पिंपरीहून उइटहॉर्नला आले, नवऱ्याच्या परमिटवर, डिपेन्डन्ट म्हणून. प्रशांत सकाळी ऑफिसला गेला की संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलायला कुणी नसे. खेमेन्तेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, चालवलेल्या डच भाषेच्या वर्गात नोई माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. अकरा वर्षं इथे राहून तिचं डच माझ्या तीन महिन्यांच्या डचइतकंच होतं. भूतकाळाचा धडा दोघींनाही शेवटपर्यंत नीट जमला नाही. तिच्या मेलेल्या वडलांबद्दल आणि माझ्या शाळेबद्दल आम्ही सगळं वर्तमानकाळातच बोलायचो.

तिच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा बैठकीच्या खोलीत उंचावर एक फळी होती. सगळ्यात वर बुद्ध, त्याच्या खालच्या पायरीवर आपला गणपती, आणि त्याच्या शेजारी चार तोंडांचा ब्रह्मदेव. गणपतीचं मला फारसं नवल वाटलं नाही, ब्रह्मदेवाचं वाटलं. आपल्याकडे त्याला कुणी विचारत नाही. मी तसं सांगितल्यावर तिला वाईट वाटलं. "मग तो आमच्याकडे राहायला आला असेल," ती म्हणाली. माझे वडील कारखान्यात कामगार आणि पक्के नास्तिक. देव्हारा आईचा, आणि त्यावरून घरात रोज थोडीफार कुरबुर. मी वडलांच्या बाजूची. नोईच्या फळीकडे मी सुरुवातीला तरी एखादं म्युझियम बघावं तसंच बघत होते.

दुसऱ्या वर्षीच्या वसंतात तिने हेंककडून एक लाकडी घर करून घेतलं. कमरेएवढ्या खांबावर उभं, पांढऱ्या भिंती, पिवळं उतरतं छप्पर. थायलंडमध्ये प्रत्येक घराच्या अंगणात असं घर असतं आणि त्यात त्या जागेचा मूळ मालक राहतो. माणूस घर बांधतो, पण जमीन आधीपासून दुसऱ्या कुणाची तरी असते. तेव्हा त्याला राहायला वेगळं घर द्यायचं, रोज काहीतरी खायला-प्यायला ठेवायचं, म्हणजे तो आपल्याला सांभाळून घेतो. आपल्याकडे क्षेत्रपाल म्हणतात तसंच काहीसं. अट एकच, माणसांच्या घराची सावली त्याच्या घरावर पडता कामा नये. हॉलंडच्या त्या वीतभर मागच्या अंगणात हेंक तीन दिवस खडूने सावल्यांच्या रेघा मारत फिरत होता. शेवटी कुंपणालगतचा एक कोपरा सापडला. मग नोईने हेंकला विचारलं, इथे आधी कोण होतं? हेंक म्हणाला, कुणीच नाही, इथे पाणी होतं. बांध घालून उपसून काढलं. यावर ती बराच वेळ विचार करत बसली. "म्हणजे मालक पाण्यातला आहे," ती मला म्हणाली. "त्याचं पाणी काढून नेलं आणि त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही." त्या दिवसापासून त्या घरापुढे पाण्याचा एक मोठा वाडगा कायमचा आला. शेजारी लाल सरबताचा ग्लास, त्यात स्ट्रॉ.

घर बसवायला तिकडे पांढऱ्या कपड्यांतला ब्राह्मण बोलावतात. इथे कुठला आणायचा? नोईने मला विचारलं. मी म्हणाले, अगं, मी ब्राह्मण नाही. तिला ते पटेना. तिच्या भाषेत हिंदू आणि ब्राह्मण हे एकाच जोडशब्दात येतात. हिंदू आहेस म्हणजे ब्राह्मण आहेस, विषय संपला. आमच्या सात पिढ्यांत कुणाला न मिळालेला मान मला असा एका पोल्डरवर, पाणी उपसून काढलेल्या जमिनीवर, मिळाला. मी पांढरा सलवार-कमीज घालून सकाळी गेले. येत काहीच नव्हतं, म्हणून लहानपणी आई दिव्यापाशी म्हणून घ्यायची ती प्रार्थना दोनदा म्हटली. "त्याला अर्थ कळणार नाही," मी नोईला म्हणाले. "अर्थ नाही लागत," ती म्हणाली, "त्याला आवाज कळतो." पलीकडच्या डच आजीबाईंना ते पाखरांसाठीचं घर वाटलं. त्या रोज त्यात पावाचे तुकडे टाकू लागल्या. नोईने त्यांना कधीच अडवलं नाही. मालकाला सोबत झाली, म्हणाली.

माझी आई गेली त्याच्या पुढच्या जानेवारीत. मला आठवा महिना संपत आलेला; विमानात घेईनात. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, तू येऊन तरी काय करणार होतीस? अग्नी मी दिला. तू स्वतःला जप." तो प्रेमानेच म्हणाला, पण त्या वाक्यानंतर मला करण्यासारखं काही उरलंच नाही. तेरावा पिंपरीत होत होता आणि मी उइटहॉर्नच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होते. तेव्हा नोई आली. तिने सांत्वन केलं नाही. "आईला काय आवडतं?" असं विचारलं, वर्तमानकाळात. मी म्हणाले, शेवयांची खीर. तिने मला खुर्चीवर बसवलं, मी सांगत गेले, तिने खीर केली. दुसऱ्या दिवशी सकाळी हेंकने आम्हा दोघींना तासाभरावरच्या थाई विहारात नेलं. एका जुन्या शाळेच्या इमारतीत तो विहार होता. बाहेर सोनेरी पाटी, आत दरवळणारी उदबत्ती आणि चार भिक्षू. बाईने त्यांच्या हातात काही द्यायचं नसतं, ते पुढे कापड पसरतात आणि त्यावर भांडं ठेवायचं, हे नोईने मला कानात सांगितलं. दुपारी बारानंतर ते जेवत नाहीत, म्हणून सगळी घाई. पठण सुरू झालं, 'फुत्थंग सरणंग खच्छामि', आणि दुसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आलं की हे मला पाठ आहे. पिंपरीत आमच्या मागच्या गल्लीतल्या विहारातून दर पौर्णिमेला हेच ऐकू यायचं, फक्त उच्चार आपले.

मग नोईने माझ्या हातात पितळेचा एक लहान चंबू दिला. भिक्षू म्हणत असताना पाण्याची धार न तोडता वाटीत सोडायची आणि ज्याला पोचवायचं त्याचं नाव मनात घ्यायचं. मी धार सोडत होते आणि तिने माझं कोपर धरलं होतं; तिच्या कोपराला मागच्या एका अनोळखी थाई बाईने हात लावला होता. एकाचं पुण्य सगळ्यांचं व्हावं म्हणून असं करतात. नंतर ते पाणी अंगणातल्या झाडाच्या मुळाशी ओतलं. आमच्या घरात मेलेल्या माणसासाठी बायकांनी पाणी सोडायची पद्धत नाही. नोईला ते माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. परतताना गाडीत मी तिला विचारलं, "आईला पोचलं असेल का गं?" ती म्हणाली, "नाही पोचलं तरी भन्ते जेवले. वाया काही गेलं नाही."

ईरा झाली तेव्हा बाळंतिणीची नर्स घरी यायची. तिच्यासमोर नोई पाळण्यात वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "शी, काय कुरूप पोर आहे." नर्सचा चेहरा पडला. मला टाक्यांमुळे हसताही येत नव्हतं. आपल्याकडे गालाला तीट लावतात, तिच्याकडे तोंडाने लावतात, एवढाच फरक. मग तिने ईराच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. माणसाच्या अंगात बत्तीस ख्वान असतात, प्राणांसारखे. माणूस घाबरला की त्यातला एखादा पळून जातो, त्याला हाका मारून परत आणायचं आणि दोऱ्याने बांधून ठेवायचं. एक दोरा तिने माझ्याही हाताला बांधला. "आई गेल्यापासून तुझा एक बाहेरच आहे," ती म्हणाली. मी वडलांची मुलगी. पण तो दोरा आपोआप तुटेपर्यंत मी काढला नाही.

मागच्या पावसाळी शरदात तिचं पोट दुखायला लागलं. हौसार्ट्स, म्हणजे आमचे घरचे डॉक्टर, आधी पॅरासिटामॉल देत राहिले, मग हॉस्पिटल, मग स्वादुपिंडाचा कॅन्सर. तिने केमो घेतली आणि विहारातून मंतरलेलं पाणीही आणलं. दोन्हींत तिला कसलाच विरोध दिसत नव्हता. फेब्रुवारीत केमो थांबवली. एका दुपारी तिने मला सांगितलं की तिचे वडील गेले तेव्हा ती गावी जाऊ शकली नव्हती. परवान्याचे कागद अडकलेले, एकदा हॉलंड सोडलं तर परत येता येईल याची खात्री नाही. त्यांच्या दहनाला सगळं गाव होतं, ती नव्हती. "मी सॉस ढवळते आहे," ती म्हणाली, "त्याच वेळी." मग म्हणाली, "म्हणून तुला नेते मी विहारात." मी तिचे पाय चेपत राहिले.

मरताना मन शांत हवं, असं ते लोक मानतात. शेवटच्या वेळी कुणीतरी कानाशी 'फुत्थो' म्हणत राहायचं, म्हणजे बुद्धाचं नाव. मनाला वाट सापडते. मला वाटलं ती मला सांगेल, कारण मला उच्चार जमतो. तिने हेंकला सांगितलं. हेंक गोंधळला. सोळाव्या वर्षी घरच्यांशी भांडून त्याने चर्च सोडलेलं. पुन्हा कुठल्या देवाचं नाव घ्यायचं नाही, हे त्याने चाळीस वर्षं पाळलेलं. "अनाला सांग," तो म्हणाला. "ती माझ्यापेक्षा बरी म्हणेल." नोई म्हणाली, "अनाचा उच्चार चांगला आहे. पण मला तुझा आवाज ओळखू येतो." तो अंगणात जाऊन बराच वेळ उभा राहिला. आत आला आणि म्हणाला, "परत एकदा म्हणून दाखव." त्याला 'फुत्थो' काही जमलं नाही, 'पुत्तो' जमलं. शेवटचे दोन दिवस तो तिच्या उशाशी खुर्ची ओढून तेच म्हणत होता, कॉफीपुरता उठायचा. मी आदल्या दुपारी गेले तेव्हा त्याचा घसा बसला होता. मी म्हटलं, थोडा वेळ मी म्हणते. त्याने नुसती मान हलवली, नाही. "कुणी ऐकतं की नाही मला माहीत नाही," तो नंतर मला म्हणाला. "ती म्हणाली होती म्हण, म्हणून म्हटलं."

दहन इथल्या पद्धतीने झालं. पाऊण तासासाठी मिळालेला हॉल, शेवटी कॉफी आणि केक. फक्त पुढच्या रांगेत भगव्या चीवरातले चार भिक्षू, आणि त्यांच्या मागे काळ्या कोटात हेंकची बहीण, हातांची घडी घालून, पण शेवटपर्यंत बसलेली.

पन्नासाव्या दिवशी विहारात जेवण द्यायचं असतं. हेंक म्हणाला, शेडमधल्या फ्रीजरमध्ये तिने केलेले चार डबे आहेत, विहारासाठीच असणार. खरंच, ती नेहमी भन्तेंसाठी आधी करून ठेवायची. शेवटच्या महिन्यातही स्टुलावर बसून काहीबाही शिजवायची. डब्यांवर चिकटपट्टी, त्यावर थाई अक्षरं, आम्हा दोघांनाही न वाचता येणारी. मी मसालेभात केला, ते चार डबे घेतले आणि गेलो. कापडावर सगळं मांडलं. मोठ्या भन्तेंनी एक डबा उचलला, पट्टी वाचली, बाजूला ठेवला. दुसरा वाचला, तोही बाजूला. चारही झाले. मग ते सावकाश डचमध्ये म्हणाले, "हे आमच्यासाठी नाहीत. चारही डब्यांवर लिहिलंय: हेंक, तिखट नाही." भन्ते म्हणाले, "घरी न्या आणि खा. ठेवून देऊ नका." त्या दिवशी भिक्षू माझा मसालेभात जेवले आणि पाण्याची धार हेंकने सोडली. त्याचं कोपर मी धरलं होतं.

डबे त्याने परत फ्रीजरमध्ये ठेवले. दहा-बारा दिवसांनी रविवारी दुपारी त्याचा फोन आला.

"एक डबा खाल्ला," तो म्हणाला.

"कसा होता?"

"तिखट." त्याने नाक शिंकरलं. "चांगलाच तिखट. दोन ग्लास पाणी प्यायलो. उरलेल्या तीन डब्यांवरही तेच लिहिलंय ना?"

"हो," मी म्हणाले. "तेच लिहिलंय."