नटीची नात

“तू आतून गा. स्टेजवर माझी मुलगी उभी राहील.”

स्वोर्ड्स या आयरिश गावातल्या हॉलमध्ये गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. बोलणाऱ्या वहिनी म्हणजे एका बड्या डॉक्टरांची बायको. मी ब्युमॉन्ट हॉस्पिटलची नर्स. बारा तासांची ड्यूटी करून, दोन बस बदलून आलेली. पाय सुजलेले.

जरा वेळापूर्वी माझ्या नाट्यपदावर सगळे खूश होते. “कुठे शिकलीस गं?” वहिनींनी विचारलं. मी सांगून बसले, “आजीकडून. ती नाटक कंपनीत नायिका होती.”

वहिनींनी भुवया उंचावल्या.

“म्हणजे... तसल्या घरातली?”

आजी चौदाव्या वर्षी कंपनीत गेली. नायिकासुद्धा बहुतेक पुरुषच व्हायचे, तो काळ. तिच्या पदांना वन्स मोअर मिळायचा. त्याच गावात तिला उतरायला घर मिळायचं नाही. हँडबिलावर नाव असायचं, आडनाव नाही. आवाज बसला, कंपनीने काढून टाकलं. मिरजेत एका खोलीत गाण्याच्या शिकवण्या घेऊन तिने माझ्या आईला वाढवलं. गल्लीतल्या बायका मुलींना शिकायला पाठवायच्या. हळदीकुंकवाला मात्र तिला कधीच बोलावणं नाही.

मी मुकाट पडद्यामागे गेले. भांडायचं त्राण नव्हतं. पेटी सुरू झाली. पहिली ओळ गायले. फटीतून ती मुलगी दिसत होती. नुसते ओठ हलवत होती, तेही चुकीचे.

“मॅमी, व्हॉट डझ इट मीन?”

“अर्थ राहू दे. हात हलव,” वहिनी म्हणाल्या.

मी थांबले. बाहेर आले.

“वहिनी, मी आतून गाणार नाही.”

“अगं, तुझ्याच भल्यासाठी. लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत.”

कोट घेतला. कुणी अडवलं नाही.

बसमध्ये रडू आलं नाही. लाज वाटली, ती स्वतःची. माझं लग्न ठरताना आईने सासरच्यांना सांगितलं होतं, आजी शाळेत शिकवायची. बारा वर्षं मीही तेच सांगत आले. वहिनींच्या आधी आजीला मीच लपवलं होतं.

घरी नवऱ्याला सगळं खरं सांगितलं. त्याने कॉम्प्युटरवरची नजरही हलवली नाही.

“आता हे कशाला उकरतेस? माझ्या आईला कळलं तर?”

“मीच कळवणार आहे. आपल्या मुलीलाही. आजीच्या नावासकट.”

रविवारी भारतात फोन करायचं कॉलिंग कार्ड खरवडलं, सासूबाईंचा नंबर लावला. घंटा वाजत होती. ठेवायचा तर त्यांनी फोन ठेवावा. मी ठेवणार नाही.