चमकीसकट पास

"इथंच कळलं ते बरं झालं, दादा," असं म्हणत तिने ओढणीने चष्मा पुसला. नापास म्हटल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते आमच्या लॅबमध्ये एक दिवस बसून बघा, म्हणजे या बाईची किंमत कळेल.

रेडिओ लहरी सोडणारी उपकरणं तपासणं हा भोसरीतल्या आमच्या लॅबचा धंदा. आमच्या अहवालाशिवाय सरकारी मंजुरीचा अर्ज पुढे सरकत नाही. आमच्याकडे कंपन्यांचे इंजिनिअर येतात आणि चहाला नावं ठेवतात. ही आली काळेवाडीहून बसने, घरी बनवलेला मनगटी पट्टा घेऊन. तिचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं.

पट्टा लेकीसाठी होता. लेकीला ऐकू येत नाही. चाकणच्या कारखान्यात मागून आलेल्या फोर्कलिफ्टखाली येता येता ती वाचली, आणि तेव्हापासून तिला घरी बसवलेलं. फोर्कलिफ्ट जवळ आली की हा पट्टा थरथरायचा. कंपनीने सांगितलं होतं, मंजुरी आणा, मुलीला परत घेतो. पण जागा महिनाअखेरपर्यंतच ठेवू.

पहिल्या तपासणीत पट्टा नापास झाला. उलटसुलट करून पाहिला आणि मला हसूच आलं. झाकणावर, अँटेनाच्या बरोब्बर वर, सोनेरी चमकीचं 'शुभ लाभ'. अँटेनाजवळ धातूची चमकी आली की लहरींचं गणित बिघडतं. मी नखाने स्टिकर खरवडायला घेतलं, तर तिने माझा हात धरला.

"काढलं की आज पास होईल," मी म्हणालो.

"आज होईल हो. हे लेकीच्या कारखान्यातल्या मैत्रिणींनी लावलंय. खंडेनवमीला त्या पोरी तिथल्या झाडूलाही चमकी लावल्याशिवाय सोडत नाहीत, याला सोडतील? आणि त्याच दिवशी पट्टा थरथरला नाही तर?"

"त्यांना सांगा, लावू नका म्हणून."

"तुम्हीच सांगून बघा," ती हसली. "त्यापेक्षा मी अँटेनाच हलवते."

महिना संपायला दोनच आठवडे उरले होते. लेकीची नोकरी टांगणीला लावून ही स्टिकरची बाजू घेते, याचा मला रागच आला. आठवड्याने ती आली. अँटेना आता पट्ट्याच्या कापडात शिवलेली, आणि झाकण चहूबाजूंनी चमकीने मढवलेलं, वरातीच्या गाडीसारखं. पट्टा पास झाला. कसंही करून पास करून घेणारे मी रोज बघतो. आपली परीक्षा स्वतःच अवघड करून आणणारी ही एकटीच. घरातलंच कुणी असावं तसा मला तिचा अभिमान वाटला.

मंजुरी आली त्या दिवशी ती पेढे घेऊन आली. मी तिला पाहिलं ते शेवटचं. लॅबमधूनच तिने लेकीला व्हिडिओ कॉल लावला. एरवी तोंड न मिटणारी बाई गप्प होती, नुसती बोटं बोलत होती. लेक एकदम पडद्यावरून नाहीशी झाली. मागे ओट्यावरचा कुकर तेवढा दिसत होता. परत आली ती कंपनीचा युनिफॉर्म घालून, बटणं वरखाली लागलेली.

"अगं, सोमवारी जायचंय," आई हातांनी पुन्हा पुन्हा सांगत होती. लेक मान डोलावत होती आणि बूट शोधत होती.